पाणी कोण तापवतं?

जुन्या घराला मागच्या अंगाला नवं स्वयंपाकघर काढायचं ठरलं की आमच्याकडे बोलणं सुरू होतं ते लादीपासून. पांढरी घ्यायची की ठिपक्यांची. मग ओटा ग्रॅनाइटचा की कडाप्प्याचा. मग खिडकीला सरकत्या काचा. पेणला दुकानं पालथी घालायची, वडखळला भाव विचारायचा, पुन्हा पेणला यायचं. यात तीन आठवडे जातात. आणि आंघोळीचं पाणी कुठं तापणार, कशावर तापणार, हे कुणीतरी अगदी शेवटी विचारतं, गवंडी थापी-ओळंबा आवरायला लागला की. त्यावर घरातला कर्ता पुरुष हात झटकून म्हणतो, "बघू, गिझर लावून टाकू."

हे मी दुसऱ्याचं सांगत नाही. कासूला माझ्या घरात २०१८ साली हेच झालं आणि तो हात झटकणारा माणूस मीच होतो. म्हणून हे लिहितोय. लेख कसला, भांडणच आहे. माझ्या वयाच्या पुरुषांशी, घरं बांधणाऱ्या ठेकेदारांशी, आणि हायवेला गाडी उभी करून 'चुलीवरचं जेवण' शोधणाऱ्या शहरातल्या मंडळींशीही.

आमचं घर आजोबांनी बांधलेलं. ओटी, माजघर, त्याच्या मागं काळोखं स्वयंपाकघर आणि परसात उतरायच्या दाराला लागून न्हाणी. भिंती मातीत रचलेल्या, वर मंगलोरी कौलं. स्वयंपाकघरात चूल आणि तिच्या बगलेला वैल. ज्यांनी वैल पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. चुलीच्या मोठ्या तोंडावर भाकरी चाललेली असते, तेव्हा मागं जी धग फुकट जाते ती एका भोकातून शेजारच्या लहान तोंडावर काढलेली असते. तोच वैल. त्यावर कालवण रटरटत राही, नाहीतर पाण्याचं तपेलं चढे. तांदळाच्या भाकरीला आधी उकड काढावी लागते, म्हणजे उकळतं पाणी लागतंच. मासळीची भांडी गरम पाण्याशिवाय निघत नाहीत. आंघोळीचा मोठा हंडा मात्र न्हाणीजवळच्या दुसऱ्या चुलीवर. म्हणजे घरात दोन चुली, आणि दोन्हींच्या तोंडाशी एकच बाई. आधी माझी आई, मग माझी बायको.

आई पहाटे चारला उठायची. आधी न्हाणीची चूल पेटवायची. उन्हाळ्यात हे काम दहा मिनिटांचं. आवणीच्या दिवसांत मात्र फाटी ओलसर, शेणी दमट, आणि फुंकणीतून फुंकताना धूर उलटा तोंडावर. आम्ही भावंडं माजघरात गोधडीत पडून ते फुंकणं ऐकायचो. फुंकर, खोकला, फुंकर, खोकला. आम्हाला वाटे पहाटेचा आवाज असाच असतो, जसा कोंबडा आरवतो तसा. आई सत्तरीला पोचायच्या आधीच धापा टाकायला लागली. डॉक्टरांनी छाती तपासून मला विचारलं, "या विडी ओढतात का?" मी हसलो. घरी येताना एसटीत बसल्यावर त्या हसण्याची लाज वाटली.

गावात म्हातारे सांगतात की धुरानं वासे टिकतात, कीड लागत नाही. खोटं नाही ते. आमचे वासे अजून टणक आहेत. आई टिकली नाही.

आता कुणी म्हणेल, हे जुनं झालं, आता घरोघरी गॅस आहे. उज्ज्वला योजना २०१६ च्या मे महिन्यात आली, त्याच्याआधीही आमच्या भागात बऱ्याच घरांत सिलिंडर होते. पण आमच्या आळीत पहाटे पाच वाजता या आणि परसात नजर टाका. गॅस घरात आहे आणि धूर बाहेर चाललाय. तीन दगड मांडलेत, वर काळा कुळकुळीत हंडा. चहा गॅसवर, डाळ गॅसवर, पण आंघोळीचं पाणी चुलीवरच. का? कारण सिलिंडर सांभाळून वापरायचा असतो. पाण्यासाठी गॅस जाळणं म्हणजे उधळपट्टी, असं प्रत्येक घरातल्या बाईला वाटतं आणि हिशेबानं ते बरोबरच आहे. तिची चूक नाही. चूक त्यांची, ज्यांनी स्वयंपाक मोजला आणि आंघोळ मोजली नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० सालचा अंदाज दिलाय की घरातल्या चुली-शेगड्यांच्या धुरानं जगभर वर्षाला ३२ लाख माणसं मरतात. भाकरीचा धूर वेगळा आणि पाण्याचा धूर वेगळा असं फुप्फुसाला कळत नाही.

हिशेब म्हणालो तर तो मांडूनच दाखवतो. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. हे मी शाळेत शिकलो आणि त्याचा पहिला उपयोग साठीला टेकल्यावर केला. आमच्याकडे पाणी साधारण २५ अंशांचं असतं, आंघोळीला ४३ अंश पुष्कळ झाले. म्हणजे १८ अंश चढवायचे. माणशी १५ लिटरची बादली, घरात सहा माणसं, म्हणजे ९० लिटर. ९० गुणिले १८, झाल्या १६२० किलोकॅलरी. रोज. हे आमच्या घराचं पाण्याचं देणं. ते कशातून फेडायचं एवढाच प्रश्न.

विजेच्या एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात. म्हणजे रोज दोन युनिटं. गॅसच्या एका किलोत साधारण ११ हजार, पण शेगडीवर त्यातल्या साठ टक्क्यांच्या आसपासच भांड्यात उतरतात. म्हणजे रोज पाव किलो गॅस. १४.२ किलोचा सिलिंडर नुसत्या आंघोळीवर दोन महिन्यांत संपला. आता लाकूड. सुक्या लाकडाच्या किलोत साडेतीन-चार हजार किलोकॅलरी असतात, पण तीन दगडांच्या चुलीत दहा-पंधरा टक्केच हंड्याला लागतात, बाकी वाऱ्यावर. म्हणजे रोज साडेतीन किलोच्या वर लाकूड. वर्षाचा सव्वा टन. वीस-पंचवीस किलोची एक मोळी धरली तर पन्नासच्या वर मोळ्या. त्या कुणाच्या डोक्यावरून डोंगरातून खाली येतात ते सांगायला नको.

आणि याला आपण 'फुकट पाणी' म्हणत आलो.

आता माझ्या मूर्खपणाकडे येतो. स्वयंपाकघर झालं. स्लॅबचं, दहा बाय बारा, लाद्या सुंदर. जुनी न्हाणी पाडून त्याच्या शेजारी बाथरूम काढलं, चार बाय पाच फुटांचं. पाणी तापवायचं काय, तर ठेकेदार म्हणाला, "काका, गॅस गिझर लावा. नळ सोडला की गरम. विजेचा लोड नको, जुनी वायरिंग आहे तुमची." वायरिंगचं बोलला ते खरं होतं. जुन्या घरात लाकडी पट्टीतून नेलेल्या बारीक वायरी. दोन हजार वॉटचा गिझर त्यावर चालवला तर वायर तापणारच. त्याला स्वतंत्र जाड वायर, सोळा अँपिअरचा प्लग आणि खरीखुरी अर्थिंग लागते. तो खर्च वाचतोय म्हणून मी खूश. गिझर बाथरूमच्या आत, दाराच्या वर बसवला. वरती एक झरोका होता, हातभर.

२०१९ चा जुलै. चार दिवस पावसाची झड. झरोक्यातून तिरकं पाणी आत येत होतं म्हणून मी त्यात खताचं रिकामं पोतं कोंबलं. मीच. दुसऱ्या दिवशी सकाळी सून आंघोळीला गेली. नातीनं दोनदा हाक मारली, "आई, माझी वेणी." उत्तर नाही. पाण्याचा आवाज चालू. तिसऱ्या हाकेला बायको उठली आणि ओरडली. मुलानं पहार घालून दाराची कडी उखडली. सून भिंतीला पाठ टेकून बसलेली, मान एका बाजूला, डोळे अर्धे उघडे. पडवीत आणून निजवली. भर पावसाचा वारा तिच्या तोंडावर लागला आणि काही वेळानं तिला उलटी झाली. उलटी बघून आम्हाला इतका आनंद होईल असं कधी वाटलं नव्हतं. दवाखान्यात दिवसभर ऑक्सिजन लावला. वाचली.

डॉक्टरांनी सांगितलं ते सगळ्यांनी ऐकावं. एक किलो गॅस नीट जळायला साधारण १२ घनमीटर हवा लागते. असा गिझर तासाला किलोच्या आसपास गॅस खातो. दहा मिनिटं चालला तर दोन घनमीटर हवा संपली. माझं बाथरूम चार बाय पाच बाय आठ, म्हणजे जेमतेम साडेचार घनमीटरचं. पोतं कोंबलेलं, दार बंद. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांत चुरचुर नाही. रक्तातला जो पदार्थ ऑक्सिजन वाहतो त्याला हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. माणसाला झोप आल्यासारखं वाटतं. चुलीचा धूर निदान खोकायला लावतो, बाहेर पळा म्हणून सांगतो. हा सांगत नाही. दर थंडी-पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या शहरातली अशी बातमी पेपरात येते आणि आपण पान उलटतो.

गॅस गिझर लावूच नका असं मी म्हणत नाही. तो बाथरूमच्या बाहेर, उघड्या हवेत लावा आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ न्या. नळाची चार फूट लांबी वाचवायला मी सून पणाला लावली होती.

गिझर त्याच संध्याकाळी काढला. मग घरात बैठक. मी म्हणालो, पुन्हा चूल मांडू, बापजाद्यांची चूल, कुणाचं वाईट झालं नाही. मुलगा म्हणाला, विजेचा गिझर, वायरिंग नवीन करू. धाकटा भाऊ आलेला, तो म्हणाला सोलर. आमची तिघांची चांगली जुंपली. बायको तांदूळ निवडत बसली होती. सूप बाजूला ठेवून म्हणाली, "तुमी तिघं बोलताव. पन या घरात पानी कोन तापवतं?"

कुणी बोललं नाही.

"चाळीस वरसं मी तापवतंय. मना कोनी विचारलंव?"

भांडण इथं आहे. चुलीची परंपरा सांगणारा एकही पुरुष मी असा पाहिला नाही जो पावसाळ्यात पहाटे चारला फुंकणी घेऊन बसलेला आहे. हायवेला 'चुलीवरची भाकरी' अशा पाट्या लागतात. मुंबईची मंडळी येतात, धुरकट चव छान लागते म्हणतात, जाताना आम्हाला सांगतात, तुमचं किती चांगलं आहे, हे सोडू नका. त्यांना मी हात जोडून विचारतो, तुमच्या फ्लॅटमध्ये किती चुली आहेत? आणि त्या पाटीमागं, शेडच्या आत, भाकऱ्या थापणाऱ्या बाईचे डोळे तुम्ही पाहिलेत का? चव तुमची आणि छाती तिची.

१९८० च्या दशकात सरकारनं सुधारित चुलीचा देशभर कार्यक्रम काढला होता. दोन तोंडांची चूल आणि धूर बाहेर नेणारं सिमेंटचं धुराडं. आमच्या आळीतही बसल्या. चूल वाईट नव्हती. पण धुराड्यात काजळी साठते, वर्षातून दोन-तीनदा कौलांवर चढून ती काढावी लागते. कौलांवर चढणं पुरुषाचं काम. आम्ही चढलो नाही. धुराडं तुंबलं, धूर पुन्हा घरात, आणि आम्हीच म्हणालो, "ही सुधारित चूल काही कामाची नाही." ज्याला धूर लागत नाही त्याला धुराडं आठवत नाही.

माझा एक भाचा परदेशात, थंड मुलखात असतो. त्यानंही त्याच सुमारास जुन्या घराला स्वयंपाकघर जोडलं. तिथं बॉयलरमधलं गरम पाणी नळ्यांतून जमिनीखाली फिरवून खोली ऊबदार ठेवतात. तो फोनवर सांगत होता की कामाला हात लावायच्या आधी माणूस आला, त्यानं भिंती मोजल्या, खिडक्या मोजल्या, खोलीतून किती ऊब निसटेल ते काढलं, जुना बॉयलर तेवढं पेलेल का ते पाहिलं, आणि मगच जमीन घातली. नळ्या जमिनीत, म्हणजे लादीच्या आधी पाण्याचा विचार. आणि हे काही गोऱ्यांचंच शहाणपण नाही. काश्मीरच्या हमामात जमिनीखाली लाकडं जाळतात, त्याच जाळावर तांब्याच्या भांड्यात पाणीही तापतं. कोरियात स्वयंपाकाच्या चुलीची धग जमिनीखालून नेऊन झोपायची खोली ऊबदार करायची रीत होती. आपला वैल त्याच जातीचा. एका जाळात दोन कामं. आपल्या आज्यांना जे कळत होतं ते आपण सिमेंट आल्यावर विसरलो.

आता आमच्या मुलखाची खरी अडचण. आम्हाला खोली तापवायची नाही, आम्हाला अंग शेकायचं आहे. आणि ते सर्वांत जास्त कधी? दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून आवणी करून माणूस घरी येतो तेव्हा. बाळंतीण पावसाळ्यात असली तर तिला आणि बाळाला दोन वेळ कढत पाणी लागतं तेव्हा. गणपतीला मुंबईची माणसं येतात आणि घरात सहाची पंधरा होतात तेव्हा. नेमकं तेव्हा ऊन नाही, फाटी ओली आणि वीज दिवसातून चारदा जाते. बाकीचे आठ महिने इतकं ऊन की बोअरच्या टाकीतलं पाणीच दुपारी हाताला चटका देतं. म्हणजे एकाच साधनावर भागणार नाही. 'हेच घ्या' असं सांगणारा दुकानदार असो की ठेकेदार, तो तुमच्या घराचं नाही, त्याच्या गोडाऊनचं बोलतोय.

बायकोनं जे ठरवलं ते आम्ही केलं. आठ महिने सोलर. दोन चौरस मीटरचं यंत्र चांगल्या उन्हात शंभर लिटर पाणी ६० अंशांपर्यंत नेतं. त्यातल्या पन्नास लिटरमध्ये थंड मिसळलं की सहा जणांची आंघोळ होते आणि भांड्यांना, उकडीला उरतं. त्याला पंप लागत नाही. तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप वरच्या टाकीत चढतं आणि गार खाली येतं. पण इथंच मला माझं उलटं डोकं महागात पडलं. भरलेली टाकी आणि सांगाडा मिळून दीडशे किलोच्या वर वजन. कौलांवर ते चढवता येत नाही, जुने वासे ते घेणार नाहीत. नव्या स्वयंपाकघराची स्लॅब ही एकच जागा. तिथं दक्षिणेला आमच्या आंब्याची सावली. शिवाय थंड पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंच हवी, म्हणजे स्टँड हवा आणि त्याचे खांब स्लॅबखालच्या भिंतीवर यायला हवेत. हे सगळं स्लॅब ओतायच्या आधी ठरवायचं असतं. मी नंतर ठरवलं. आंब्याच्या दोन मोठ्या फांद्या तोडल्या, स्टँडसाठी लाद्या उचकल्या, ज्या लाद्यांसाठी मी तीन आठवडे पेणला खेपा घातल्या होत्या. बाथरूम लांब असतं तर आणखी पंचाईत. अर्ध्या इंची नळाच्या चाळीस फुटांत दोन लिटर पाणी मावतं. ते दर वेळी आधी गार येतं आणि मोरीत जातं. न्हाणी स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून असावी, ही जुनी मांडणी उगाच नव्हती.

बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर नळ्यांत आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो. तो काढायचं माणसाला जमलं पाहिजे. आमच्याकडून पश्चिमेला खारेपाटात उतरलं की पाणी मचूळ होत जातं, तिथल्यांनी हे आधी बघावं.

पावसाचे चार महिने चूल. होय, चूलच. पण परसात, दोन्ही बाजूंनी उघड्या शेडमध्ये, गुडघ्याइतक्या उंच ओट्यावर, धुराडं असलेली, आणि हंडा चुलीत नीट बसवलेला, म्हणजे जाळ इकडेतिकडे न जाता बुडाला आणि अंगाला लागतो. लाकूड निम्म्यावर आलं. फाटी एप्रिल-मेमध्येच फोडून त्याच शेडच्या माळ्यावर रचायची. आजारपणाला, बाळंतिणीला गॅसच्या शेगडीवर पातेलं. त्यात कसली उधळपट्टी नाही. ज्याच्याकडे वायरिंग धड आहे त्यानं विजेचा लहान गिझर लावावा, माझी हरकत नाही. हिशेब वर मांडलाय.

सोलर जानेवारी २०२० मध्ये बसला आणि ३ जूनला निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धनच्या बाजूनं शिरलं आणि सारा रायगड झोडपून गेलं. आमच्या सोलरच्या सहा काचेच्या नळ्या फुटल्या, शेजाऱ्याचा पत्रा अंगणात येऊन पडला आणि वीज गेली ती बरेच दिवस. त्या दिवसांत आळीतल्या चार घरांनी आमच्या शेडमधल्या चुलीवर पाणी तापवलं. तेव्हा ज्यांनी चूल मोडून सगळं बटणावर नेलं होतं, ते मला येऊन म्हणाले, बघा, शेवटी चूलच. मी त्यांना म्हणालो, शेवटी चूल नाही. शेवटी दुसरी सोय. एकावर भरवसा ठेवून घर चालत नाही, हे शेतकऱ्यानं विसरावं का? आपण भाताच्या मागून वाल पेरतोच ना?

एक गोष्ट राहिली, आणि माझ्या भांडणातली तीच मोठी. बैठकीत बायकोनं अट घातली होती. म्हणाली, "चूल मांडा, पन पावसात ती तुमी पेटवायची." मुलाला लोकल गाठायला पहाटे निघावं लागतं, म्हणून ते काम माझ्यावर आलं. पहिल्या आठवड्यात माझे डोळे सुजले. दुसऱ्या आठवड्यात मी धुराडं तीन फूट उंच केलं. तिसऱ्या आठवड्यात शेडला वाऱ्याच्या बाजूनं झापं बांधली. महिन्याभरात कळलं की हंड्यावर झाकण ठेवलं की फाटी वाचते, आणि रात्रीच निखाऱ्यावर राख ओढून ठेवली तर सकाळी फुंकायला लागत नाही. झाकणाचं आणि राखेचं आईला माहीत होतं. धुराडं उंच करणं आणि झापं बांधणं तिच्या हातात नव्हतं, ते माझ्या हातात होतं. चाळीस वर्षांत मला ते सुचलं नाही. तीन आठवडे धूर खाल्ल्यावर सुचलं.

म्हणून घर वाढवणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. गवंड्याला बोलावण्याआधी जुलै महिन्यातल्या एका पहाटे उठा. घरातल्या बाईला झोपू द्या. जुन्या न्हाणीत जा आणि घरातल्या सगळ्यांचं पाणी स्वतः तापवा. आठ दिवस तापवा. मग तिला विचारा, नवीन घरात पाणी कुठं तापवू या. ती सांगेल ते कागदावर काढा, तिथून भिंती मोजा, मग स्लॅब ओता.

लाद्या नंतर निवडा. त्या पेणला कधीही मिळतात.